जेटिंगच्या होजला टाचणीएवढं भोक: काम करणाऱ्यांनी वाचा, करून घेणाऱ्यांनीही वाचा

चेंबरवाला

नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं नुसता वाचतो. आमच्या धंद्याबद्दल लिहिलं की लोक नाक दाबून पुढच्या धाग्यावर जातात, म्हणून कधी लिहिलं नाही. पण गेल्या मे महिन्यात जे झालं ते कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं.

माझं ड्रेनेज साफ करायचं काम आहे, पुणे आणि आसपास. ट्रेलरवर बसवलेलं डिझेल जेटिंग मशिन (जोरदार दाबाच्या पाण्यानं तुंबलेली लाइन मोकळी करणारं), १५० बार प्रेशर, मिनिटाला ४० लिटर पाणी, अर्ध्या इंची होज (रबरी पाइप) ६० मीटर. ज्यांना बार म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी: तुमच्या गाडीच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय हवा असते. माझ्या होजमध्ये २,१०० पीएसआयच्या वर. नोझलमधून पाणी सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं सुटतं.

पावसाळ्याआधीची गर्दी. एका सोसायटीची सहा इंची लाइन तुंबली होती. मशिन चालू, मी खालच्या चेंबरपाशी, आमच्याकडे कामाला असलेला पोरगा ट्रेलरपाशी. रीळवरून होज सुटते तिथे कपलिंगजवळ त्याला बारीक तुषार उडताना दिसले. त्यानं काय केलं? घरच्या नळाला गळती लागली की आपण करतो तेच. बोटानं चाचपून बघितलं, कुठून येतंय म्हणून. हातात रबरी हातमोजा होता.

तो "आई गं" म्हणाला आणि हात झटकला. मी मशिन बंद केलं. मोजा काढला तर तर्जनीवर टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका. रक्ताचा जेमतेम एक थेंब. मोज्यावरचं भोक शोधावं लागलं, इतकं बारीक. "काही नाही शेठ, टोचलंय," म्हणाला, नळाखाली हात धुतला, वडापाव खाल्ला आणि दुपारी परत कामाला लागला. मीही लागू दिला. हे माझं चुकलं, आणि हे लिहिताना अजून लाज वाटते.

संध्याकाळी बोट सुजलं. रात्री अकराला फोन: बोट काकडीसारखं टणक झालंय, ठणका कोपरापर्यंत जातोय. जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्यांनी ठिपका बघितला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. त्यांना दोष देत नाही. मी फक्त "पाइपचं पाणी लागलं" एवढंच सांगितलं होतं. सकाळी दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या सर्जनबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "प्रेशर किती होतं?" आणि दोन तासांत पोरगा ऑपरेशन थिएटरमध्ये. बोट तळहातापर्यंत उघडावं लागलं. आतून काळी कचकच निघाली. होजवरची घाण पाण्याबरोबर आत गेली होती.

दोन ऑपरेशनं. बोट वाचलं, पण मधल्या पेरात वाकत नाही. बावीस दिवस तो घरी होता.

तुमच्यापैकी कोणी हे काम करत असेल, करून घेत असेल, किंवा आता ऑनलाइन मिळतात ती छोटी मशिनं घरी वापरत असेल, तर अनुभव लिहा.

टाके_दहा

धागा काढल्याबद्दल आभार. मी हाताच्या शस्त्रक्रिया करते, त्यामुळे थोडं लिहिते.

ही जखम फसवी असते. बाहेर टाचणीचं भोक, पण पाणी आत शिरल्यावर स्नायुबंधाच्या म्यानातून पसरत जातं. बोटाच्या टोकाला लागलेलं तळहातापर्यंत जाऊ शकतं. कातडी भेदायला १५० बार लागतही नाहीत. साधारण ७ बारलासुद्धा पाणी आत शिरू शकतं. रंग किंवा ग्रीस आत गेलं तर परिणाम फार वाईट होतात, त्या मानानं नुसतं पाणी बरं. पण गटाराच्या कामात "नुसतं पाणी" नसतंच.

लागल्यावर फारसं दुखत नाही, म्हणून माणूस थांबतो. पहिल्या काही तासांत बोट बधिर असू शकतं, सूज नंतर येते. दुखायची वाट बघू नका. हात वर धरा, अंगठ्या काढा, आणि हॉस्पिटलात जाऊन हे शब्द वापरा: "हाय प्रेशर इंजेक्शन इंज्युरी". बरोबर प्रेशर किती होतं, पाणी कसलं होतं, किती वाजता लागलं हे सांगा. काही खायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. बर्फात बोट बुडवून ठेवू नका. शक्य असेल तर थेट जिथे प्लास्टिक किंवा हाताचे सर्जन आहेत अशा ठिकाणी न्या.

ठिपका बघून कोणी घरी पाठवत असेल तर वाद घाला. खरंच घाला.

तळमजला_०३

जरा वेगळा विषय, पण जेटिंगचाच. आमच्या इमारतीत मागच्या वर्षी मेन लाइनला जेटिंग झालं. मी बाथरूमच्या दारात उभी होते म्हणून वाचले. कमोडमधून जे उसळलं ते थेट सिलिंगला. आमची नवी टाइल्स, सासूबाईंचा कपड्यांचा स्टँड, सगळं. काँट्रॅक्टर म्हणाला, "मॅडम, असं होतंच." असं होतंच का?

चेंबरवाला

तळमजला ताई, होतं, पण "होतंच" नाही. टाळता येतं.

कमोडच्या ट्रॅपमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागात) जेमतेम दोन इंच पाणी असतं. खालच्या वासाला अडवायला तेवढं पुरतं, पण त्याची ताकद म्हणजे ०.००५ बार. नोझलचे मागचे फवारे पाण्याबरोबर हवाही ढकलतात. त्या हवेला वाट हवी. ती व्हेंट पाइपमधून गच्चीवर गेली पाहिजे. आता आपल्याकडे काय होतं, कोणीतरी मच्छर येतात म्हणून व्हेंटच्या तोंडाला गोणपाट बांधलेलं असतं, किंवा वरच्या मजल्यावर टेरेस केलं तेव्हा पाइप कापून बुच मारलेलं असतं. मग हवा सगळ्यांत जवळच्या ट्रॅपमधून निघते. ती जागा तळमजला.

मी आता काम सुरू करायच्या आधी गच्चीवर जाऊन व्हेंट बघतो, वरच्या बाजूचं चेंबर उघडं ठेवतो, आणि तळमजल्यावरच्या प्रत्येक दारावर टकटक करतो. कमोडचं झाकण बंद, त्यावर ओल्या टॉवेलची घडी आणि एक जड बादली, नहाणीच्या जाळीवरही ओलं फडकं. बाथरूममध्ये कोणी नको. आणि पाणी हळूहळू वाढवत न्यायचं, एकदम पूर्ण थ्रॉटल नाही.

बंब्या_प्लंबर

सगळं ठीक आहे हो, पण उगाच घाबरवू नका. वीस वर्षं झाली मला या कामात. बिना मोज्यांचं केलंय, बनियनवर केलंय. काही झालं नाही. मोजा घालून काय उपयोग, वर सांगितलंय ना, मोज्यातून आरपार गेलं. १५० बारला रबराचा मोजा म्हणजे कागद.

खरी गोष्ट सांगू? सोसायटीवाले पाचशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात. मग दोन माणसांच्या जागी एक जातो. तोच चेंबरपाशी, तोच मशिनपाशी. पळापळ करून करायचं. पायाखालचा फूट व्हॉल्व्ह दाबून उभं राहायला माणूस कुठून आणणार? म्हणून व्हॉल्व्हवर वीट ठेवतात. मीपण ठेवलीय. सेफ्टीचे धडे आधी कमिटीला द्या.

चेंबरवाला

बंब्याभाऊ, मोज्याचं तुमचं बरोबर आहे. मोजा जेट अडवायला नसतोच, घाणीपासून वाचवायला असतो. लेप्टो, कावीळ, खरचटल्या हाताला होणारे जंतुसंसर्ग, याच्यासाठी मोजा आणि गमबूट. जेट अडवतं फक्त अंतर.

पैशाचंही बरोबर. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण विटेबद्दल नाही म्हणणार. फूट व्हॉल्व्ह हा एकच भाग असा आहे की माणूस घसरला, बेशुद्ध पडला, घाबरून पळाला, तर पाय निघाल्याबरोबर प्रेशर आपोआप उतरतं. त्यावर वीट ठेवली की मशिनला माणूस पडल्याचं कळतच नाही. हे वाचणाऱ्या सोसायटीच्या लोकांनो, काम चालू असताना खाली या आणि फक्त एवढं बघा: व्हॉल्व्हवर पाय आहे की वीट.

लीड्सकर

मी मूळचा सांगलीचा, गेली नऊ वर्षं इंग्लंडमध्ये ड्रेनेज इंजिनिअर आहे. आमच्या कंपनीत दोन माणसांशिवाय मशिन सुरूच करत नाही, आणि नवीन पोराला कोर्स केल्याशिवाय होजला हात लावू देत नाहीत. इथे फक्त वॉटर जेटिंगची अशी एक असोसिएशन आहे, ती प्रशिक्षण देते.

आकडेमोड आवडणाऱ्यांसाठी. फवारा पुढे जातो तेव्हा तेवढाच मागे धक्का देतो. हा धक्का न्यूटनमध्ये काढायचा असेल तर ०.२३६ गुणिले मिनिटाला लिटर, गुणिले बारचं वर्गमूळ. चेंबरवाल्यांचं मशिन धरा: ४० लिटर, १५० बार. वर्गमूळ सव्वाबाराच्या आसपास. उत्तर येतं ११५ न्यूटन, म्हणजे जवळजवळ १२ किलो. सगळं पाणी एकाच दिशेनं सुटलं तर. हातातल्या गनला हा धक्का सतत बसत असतो. ओल्या, शेवाळलेल्या फरशीवर, एका पायावर तोल सांभाळून उभे राहिलात तर १२ किलो तुम्हाला पाडायला पुरेसे आहेत.

ड्रेनच्या नोझलला भोकं मागच्या बाजूला तिरकी असतात, म्हणून धक्का तिलाच पुढे ओढतो. होज स्वतःच लाइनमध्ये सरकत जाते. गंमत वाटते बघताना. पण तीच नोझल चेंबरच्या बाहेर असताना पाणी सोडलं तर ती कुठे जाईल ते देव जाणे. सापासारखी उसळते.

चेंबरवाला

लीड्सकर, सापाचं मी प्रत्यक्ष बघितलंय, आणि ते जरा वेगळ्या प्रकारे झालं. सांगतो, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

नऊ इंची लाइन होती, होज अर्ध्या इंची, नोझल बोटाएवढी. पाइप मोठा, नोझल लहान. आत कुठेतरी गाळाच्या ढिगावर नोझलनं तोंड वळवलं आणि परत माझ्याकडे यायला लागली. वरून मला काहीच कळेना. होज तर आत जातेय असं दिसत होतं, कारण आतल्या आत तिचा फास होत होता. चेंबरमधलं पाणी अचानक खळखळलं आणि नोझल माझ्या दोन बुटांच्या मधून वर आली. तोंडासमोरून गेली. तेव्हा माझ्या तोंडावर काही नव्हतं. चष्मासुद्धा शर्टाला अडकवलेला.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. मोठ्या लाइनमध्ये नोझल आणि होजच्या मध्ये ताठ लोखंडी पाइपचा तुकडा लावतो. नोझल धरून त्याची लांबी लाइनच्या व्यासाच्या निदान दीडपट. नऊ इंची लाइन असेल तर साडेतेरा इंच. एवढा ताठ तुकडा आत उलटा फिरूच शकत नाही. आणि नोझलपासून मागे एक मीटरवर होजला लाल पट्टी. होज बाहेर ओढताना लाल दिसलं की व्हॉल्व्हवरचा पाय उचलायचा. नोझल अजून आतच आहे, पण प्रेशर उतरलंय. घालतानाही तसंच, आधी नोझल हातानं लाइनमध्ये दोन-तीन फूट घालायची, मग इशारा, मग प्रेशर.

इशारे पण ठरवून घ्या. डिझेल मशिन चालू असताना "बंद कर" आणि "सोड" सारखंच ऐकू येतं. आम्ही हातानं करतो: मूठ वर म्हणजे बंद. शंका आली तरी बंद.

खमंग_थालीपीठ

मी हे काम करत नाही, पण दोन वर्षांपूर्वी गाडी धुवायला प्रेशर वॉशर घेतला, १३० बारचा. त्याला आता ड्रेन साफ करायची पंधरा मीटरची होज मिळते. स्वयंपाकघराची लाइन तेलानं सारखी तुंबते म्हणून घेतली. धागा वाचून हात कापायला लागलेत. वापरू की नको?

(अवांतर: तुंबण्याचं कारण माझा नवरा कढईतलं उरलेलं तेल सिंकमध्ये ओततो. त्याच्यावर कोणतं प्रेशर चालेल ते सांगा.)

चेंबरवाला

थालीपीठ ताई, वापरा, पण खेळणं समजून नाही. मिनिटाला सहा-सात लिटरच पाणी असतं म्हणून धक्का कमी बसतो. कातडीत शिरायला मात्र १३० बार भरपूर आहेत. आमच्या पोराचं बोट गळतीच्या इवल्याशा तुषारानं अधू झालं, ते लक्षात ठेवा.

होज दरवेळी वापरण्याआधी पूर्ण लांबीवर बघा. बाहेरचं रबर सोलून आतली जाळी दिसतेय का, कुठे फुगवटा आहे का. असेल तर ती होज कचऱ्यात. टेप गुंडाळून चालत नाही. गळती वाटली तर मशिन बंद, ट्रिगर दाबून आतलं प्रेशर सोडायचं, मग बघायचं. मशिन बंद केल्यावरही होजमध्ये प्रेशर अडकलेलं राहतं, हे अनेकांना माहीत नसतं. नोझल काढायच्या आधी ट्रिगर दाबाच.

शक्यतो बाहेरच्या चेंबरमधून घराच्या दिशेनं काम करा. पाणी आणि मळी उतारानं तुमच्याकडे परत येते आणि लाइन खरोखर मोकळी होते. सिंकमधून किंवा कमोडमधून घालू नका, तिथे नोझल उलटी येऊन तोंडावर बसते. लाल पट्टी तुम्हीही लावा, नेलपॉलिश चालेल. आणि विजेवर चालणारं आहे तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) जोडा. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या जमिनीवर ठेवू नका.

(अवांतराला उत्तर: तेलाला १३० बार चालतात. नवऱ्याचं माहीत नाही.)

बंब्या_प्लंबर

चेंबरवाला, ताठ तुकड्याचं माहीत होतं. लाल पट्टीचं पण. आम्ही लाल नाही, कोऱ्या सायकल ट्यूबचा तुकडा कापून चढवतो. हाताला लागतो, बघायची गरज नाही, रात्रीसुद्धा कळतं.

एक राहिलं. नोझलची भोकं गंजानं बंद झाली की लोक ड्रिल मारून मोठी करतात. मी शिकलो तेव्हा उस्तादनं हेच शिकवलं होतं. करू नका. एका बाजूचं भोक मोठं झालं की नोझल सरळ जात नाही, भिंतीवर आपटत जाते, जुना मातीचा पाइप असेल तर फोडते. आणि प्रेशर कमी आलं म्हणून मग रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडून देणारा) स्क्रू आवळतात. गेज तर बंदच असतो. पिनेनं भोकं साफ करा, नाहीतर नवीन नोझल घ्या. होज जोडल्यावर नोझल न लावता आधी थोडं पाणी सोडलं की आतला कचरा निघून जातो, भोकं कमी बुजतात.

सेक्रेटरी_बिनपगारी

आमच्या सोसायटीत पुढच्या आठवड्यात काम आहे. मला कायद्याचं कळू द्या. काही झालं तर जबाबदारी काँट्रॅक्टरचीच ना? आम्ही तसं लिहून घेतो.

कलम_सात

सेक्रेटरी, लिहून घेतल्यानं सुटका नाही. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे कोणत्याही व्यक्तीनं, स्थानिक संस्थेनं किंवा एजन्सीनं कोणालाही गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी थेट किंवा आडमार्गानं कामावर लावायचं नाही. "आडमार्गानं" या शब्दात तुमचा काँट्रॅक्टर बसतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये गटार साफ करताना झालेल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे मशिन आहे, माणूस उतरत नाही. तिथेच गोम आहे. नोझल आत अडकते, होज निघत नाही, आणि मग कोणीतरी म्हणतं, "दोन मिनिटं उतरून सोडवून येतो." मशिन आणण्यामागचा सगळा हेतू त्या दोन मिनिटांत जातो. शिवाय जेटिंगनं तळाचा गाळ नुकताच ढवळलेला असतो. त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तेव्हाच बाहेर पडतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं हवा साफ झाली.

चेंबरवाला

कलम_सात यांनी मुद्द्याचं लिहिलं. मी होज अडकल्यामुळे ती कापून टाकलीय, दोनदा. दुसऱ्यांदा तर नवी होती. चेंबरच्या तोंडाशी कापली, पुढच्या चेंबरमधून आकडा टाकून राहिलेली ओढली. नुकसान झालं, पण माणूस उतरला नाही.

सेक्रेटरी साहेब, काँट्रॅक्टरला काम देताना एवढंच विचारा: होज अडकली तर काय करणार? उत्तर "पोरगा उतरेल" असं आलं तर दुसरा बघा. आणि मशिन चेंबरपासून लांब, वारा चेंबरकडून मशिनकडे वाहील अशा बाजूला ठेवायला सांगा. डिझेलचा धूर खाली चेंबरमध्ये बसतो.

तळमजला_०३

पोरगा आता कसा आहे?

चेंबरवाला

कामावर आलाय, जुलैपासून. होजला हात लावायला देत नाही, लावायचं नाव तोही काढत नाही. फूट व्हॉल्व्हवर असतो. मूठ वर केली की इतका पटकन पाय उचलतो की मला हसू येतं. सही डाव्या हातानं शिकलाय.

टाके_दहा मॅडमनी सांगितलेलं एका कार्डावर छापून घेतोय, प्रत्येकाच्या खिशात राहील असं. मजकूर असा:

"मला जोरदार दाबाच्या पाण्यानं इजा झाली आहे. जखम लहान दिसली तरी ही हाय प्रेशर इंजेक्शन इंज्युरी आहे. दाब ... बार. वेळ ... वाजता. पाणी गटाराच्या कामातलं, दूषित. कृपया लगेच सर्जनना दाखवा."

मॅडम, यात काही राहिलं का?

टाके_दहा

"रुग्णाने शेवटचं किती वाजता खाल्लं" ही ओळ घाला. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते. कार्ड लॅमिनेट करा, नाहीतर पहिल्याच दिवशी भिजेल.

बंब्या_प्लंबर

मला दहा पाठवा. पैसे देतो.

चेंबरवाला

पाठवतो, पत्ता निरोपात टाका. उद्या धायरीला काम आहे, सायकल ट्यूबचा तुकडा चढवून बघतो. ट्यूब कोणत्या साइजची घेता? अर्ध्या इंची होजवर घसरत नाही ना?